गाडीवर नाव

विद्यार्थिमित्रहो, "कधी नावेवर गाडी, तर कधी गाडीवर नाव" ही म्हण तुम्ही वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल. दैव पालटले म्हणजे आज जो दुसऱ्यास वाहून नेतो त्यासच उद्या दुसऱ्याच्या खांद्यावर बसावे लागते, असा तिचा अर्थ. परंतु नाव खरोखरच गाडीवर चढवावयाची झाल्यास काय काय करावे लागते, याचा विचार आपल्यापैकी फारच थोड्यांनी केला असेल. तो करण्याचा प्रसंग मजवर आला, आणि त्यात मी एक चूक केली. त्या चुकीपासून मला जे शिकावयास मिळाले ते तुम्हांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

आपल्या मानखुर्दच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. तिच्या काठी चिखल, तिवरांची झाडी आणि मिठागरे. नववीतील एका विद्यार्थ्याच्या आजोबांची लाकडी होडी या खाडीत असे. तळाच्या दोन फळ्यांमधील सांधा उघडून तीत पाणी शिरू लागले. ज्या जाणत्या सुतारावर आजोबांचा भरवसा होता तो खाडीपलीकडे, उरणच्या बाजूस राहणारा. पाणी घेणारी होडी इतक्या दूर वल्हवीत नेणे धोक्याचे. म्हणून ती यारीने, म्हणजे क्रेनने, उचलून ट्रकवरून वाशीच्या पुलावरून न्यावी असे ठरले. मे महिना अर्धा सरला होता. पावसाळ्याच्या आत काम न झाल्यास होडी चिखलात कुजणार, आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या घराने पोट कशावर भरावे हा प्रश्न. मुलगा मजकडे येऊन म्हणाला, "सर, होडीचे वजन किती हे क्रेनवाला विचारतो. आम्ही तिला कधी तोललीच नाही."

येथे आपला पहिला धडा सुरू होतो. पाण्यात तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत तुम्ही पाठ केला आहे. याचाच अर्थ असा की, खाडी हाच होडीचा काटा होय. आम्ही मापे घेतली. पाण्याच्या रेषेपाशी लांबी 8 मीटर, रुंदी 2.2 मीटर, पाण्याखालील खोली 0.6 मीटर. यांचा गुणाकार 10.56 घनमीटर. परंतु होडी ही पेटी नव्हे. ती दोन्ही टोकांस निमुळती व तळाशी उतरती असते. अशा आकाराची होडी त्या पेटीचा सुमारे 0.45 भाग व्यापते असे धरले, तर बाजूस सारलेले पाणी 4.75 घनमीटर होते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे 1025 किलो. तेव्हा होडी, तिच्यातील सामान आणि आत साचलेले पाणी मिळून सुमारे 4.9 टन. हा अंदाज आहे, तोल नव्हे; म्हणून पाच टन धरावे.

क्रेन दहा टनांची मिळाली. मी मोठ्या विश्वासाने सांगितले, "पाच टनांची होडी आणि दहा टनांची क्रेन. काळजीचे कारण नाही." मला सवड मिळाली तो शनिवार ठरला. त्या दिवशी वद्य अष्टमी होती, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

काठावर आजोबांनी खाडीकडे पाहिले व मला विचारले, "मास्तर, वजनाचे समजले. पण हिचा हात किती लांब करावा लागणार?" मी म्हटले, "जितका लागेल तितका." क्रेन कठीण जमिनीवर उभी होती, मधे चिखलाचा पट्टा आणि पलीकडे होडी. हात आठ मीटर पुढे काढावा लागला. पट्टे ताणले गेले, होडी वीतभर उचलली गेली, आणि क्रेनची मागची चाके जमीन सोडू लागली. चालक सावध होता. त्याने लागलीच होडी खाली सोडली. कोणास इजा झाली नाही; परंतु माझा चेहरा उतरला. तरफेचा नियम मी किती वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे!

क्रेन ही एक तरफच होय. पुढचे आधार हा तिचा टेकू, मागील बाजूस तिचे स्वतःचे वजन, पुढे उचललेला भार. भार आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार महत्त्वाचा. समजा, दहा टन ही क्षमता तीन मीटर अंतरावरची आहे. म्हणजे गुणाकार 30. आमचा भार 5 टन, अंतर 8 मीटर; गुणाकार 40. क्रेन उलटावयाची नाही तर दुसरे काय होणार? प्रत्यक्षात हात जसा लांबतो तशी त्याची स्वतःची मजबुतीही कमी पडते. म्हणून कोणत्या अंतरावर किती भार उचलावा याचा तक्ता कारखानदार क्रेनबरोबर देतो. तो चालकापाशी मागून पाहावा. त्यावर दिलेला आकडा खरा, आपला हिशेब केवळ समजण्यापुरता.

आजोबा रागावले नाहीत. ते इतकेच म्हणाले, "आज भांगाची भरती, मास्तर. पाणी काठाला येतच नाही. अवसेला उधाण येईल, तेव्हा होडी आपण होऊन तुमच्या क्रेनपाशी येईल."

हा दुसरा धडा. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. दोघांचे आकर्षण एकत्र होऊन मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांशी काटकोनात असतात. तेव्हाची भरती लहान, तीच भांगाची भरती. मी पंचांगातील सुटी पाहिली होती. आजोबांनी तिथी पाहिली होती.

आठवडाभरात आम्ही होडी हलकी केली. यंत्र काढले, सुमारे 300 किलो. जाळी, दोर, नांगर व इतर सामान 500 किलो. तळातील पाणी उपसले, ते सुमारे 600 किलो भरले असावे. म्हणजे 1.4 टन भार गेला व साडेतीन टन उरला. पाणी उपसण्यास दुसरेही कारण आहे. होडी जरा कलली की आतले पाणी त्या टोकाकडे धावते, गुरुत्वमध्य सरकतो आणि कल अधिकच वाढतो.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी काठास भिडले. होडी दोरांनी ओढून क्रेनच्या पाच मीटरांच्या आत आणली. साडेतीन गुणिले पाच म्हणजे 17.5; तीसच्या पुष्कळ आत. आधारांखाली जाड फळ्या घातल्या, म्हणजे भार मोठ्या क्षेत्रावर पसरून ते मऊ जमिनीत रुतत नाहीत.

पट्ट्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. दोन रुंद पट्टे, एक नाळेच्या बाजूस व एक पिछाडीस, होडीखालून घेतात. आकडा गुरुत्वमध्याच्या नेमका वर हवा. पट्टे आडव्या रेषेशी 60 अंशांचा कोन करीत असतील, तर पाच टनांच्या भारास प्रत्येकावर सुमारे 2.9 टन ताण येतो; कोन 30 अंशांवर आला तर तोच ताण पूर्ण 5 टन होतो! शिवाय आखूड पट्टे होडीच्या बाजू आत दाबतात. म्हणून पट्टे लांब घ्यावेत, किंवा वर आडवी दांडी घालून त्यांस फाकवावे. दोन्ही टोकांस दोर बांधून होडी फिरू देऊ नये. वीतभर उचलून थांबावे, कल पाहावा, मगच वर न्यावी. तिच्याखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, जाऊ नये.

ट्रकवर होडीचा भार तळाच्या कण्याखालील ओंडक्यांवर पडावा. बाजूंचे टेकू केवळ ती कलू नये म्हणून. वाहनाची कायदेशीर रुंदी 2.6 मीटर, त्याहून रुंद होडीस अधिकाऱ्यांची परवानगी लागते. उंची मोजून मार्गातील तारा व पूल आधी पाहून ठेवावेत. लाकूड उन्हात सुकून फळ्यांचे सांधे आणखी उघडतात. म्हणून ओली गोणपाटे घालावीत.

हे काम नवे नाही. ग्रीस देशात कॉरिंथच्या संयोगभूमीवर ख्रिस्तपूर्व सुमारे 600 च्या काळी नावा जमिनीवरून ओढण्याची फरसबंदी वाट होती. 1453 साली सुलतान दुसऱ्या महंमदाने कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात आपली गलबते चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून टेकडीपार नेली. इंग्लंडमधील कालव्यांच्या नावा आजही क्रेनने उचलून रस्त्याने नेतात; तेथील अनेक कालव्यांचे जलद्वार सातच फूट रुंद असल्यामुळे त्या अरुंद असतात, आणि म्हणून गाडीवर सहज मावतात. आपल्या देशात 2002 साली 'कुरसुरा' ही निवृत्त पाणबुडी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ओढून आणून तिचे संग्रहालय केले.

आजोबांची होडी त्याच संध्याकाळी सुताराच्या दारी पोहोचली, आणि नारळी पौर्णिमेस पुन्हा पाण्यात उतरली. मुलांनो, सिद्धांत मला पाठ होता, आणि आजोबांस तो शब्दांनी ठाऊक नव्हता. तरी योग्य प्रश्न त्यांनीच विचारला. पुस्तकातील विद्या आणि काठावरची विद्या या एकाच क्रेनच्या दोन पट्ट्यांप्रमाणे आहेत. एकावरच सारा भार टाकला तर होडी कलते. पालकांसही माझी नम्र विनंती आहे की, आपला धंदा मुलांस हलका म्हणून सांगू नये. त्यात किती गणित दडले आहे हे त्यांस दाखवून द्यावे.

शेवटी एक उदाहरण सोडविण्यास देतो. लांबी 6 मीटर, रुंदी 1.8 मीटर, बुडालेली खोली 0.5 मीटर आणि आकाराचा भाग 0.45 असता होडीचे वजन किती? आणि उत्तर आल्यावर, उचलण्यापूर्वी, आणखी कोणता प्रश्न विचाराल?