मानसशास्त्र शिकायचे आहे? आधी पूर्ण वाट समजून घ्या

दारूने घर मोडते, बाळंतपणानंतर सून गप्प होते, नापास झालेला पोरगा जेवण सोडतो. अशा वेळी आपल्या वस्त्यांतली माणसे आजही आधी मांत्रिकाचे दार ठोठावतात. चंद्रपूर-गडचिरोलीत मनाचे आजार जाणणारे थोडे आहेत; गोंडी-माडिया समजणारे तर फारच थोडे. म्हणून आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रात जावे असे आम्हाला वाटते. पण फी भरण्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्या.

मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. त्याला नीट देऊन एमबीबीएस आणि त्यानंतर एमडी करावे लागते. औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासणी आणि बोलण्यातून उपचार करतो, औषध देत नाही. त्यासाठी बारावी विज्ञानाचीच हवी असे नाही.

मात्र बी.ए. मानसशास्त्र म्हणजे वाटेची सुरुवात. आजवरचा मार्ग असा: बी.ए. तीन वर्षे, एम.ए. दोन आणि रुग्णालयातील प्रशिक्षणासह एम.फिल. दोन, म्हणजे बारावीनंतर सात वर्षे. आता एम.फिल. बंद होत असून नवे अभ्यासक्रम येत आहेत. यातली एक गोष्ट बदललेली नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. तेव्हा प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारा: "या कोर्सला आरसीआयची मान्यता आहे का?" उत्तर तोंडी घेऊ नका, परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत कॉलेजचे नाव स्वतः पाहा. काही महिन्यांच्या समुपदेशन प्रमाणपत्रावर ही नोंदणी मिळत नाही.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. मान्य जागा मोजक्या आहेत. शिकायला नागपूर, पुणे, मुंबई गाठावी लागते, पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात या पदाला जागा आहे, पण अशा नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी असतात. एम.ए. नंतर शाळा, संस्था, व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशकाचे काम मिळू शकते. त्यावर घर चालवत पुढचे शिक्षण घेता येते.

पैशासाठी थांबू नका. १९९० पासून बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत. जातीचा दाखला, जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला बारावीतच तयार ठेवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे.

आणि घरात आजच कुणाचे मन खचले असेल, तर मूल शिकून येईपर्यंत वाट पाहू नका. टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.