वारा पडल्यानंतरच्या जखमा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० कि.मी.हून अधिक होता. आम्ही घरातील सर्वजण दारे-खिडक्या लावून, माडांच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत बसून होतो. माझ्याकडे जखमी येऊ लागले ते वारा पडल्यावर, छपरे दुरुस्त करताना!

वादळाचा मध्य डोक्यावरून जात असेल तर वारा एकाएकी थांबतो. थोड्याच वेळात तो उलट दिशेने पुन्हा सुटतो. त्या शांततेत कौले पाहायला बाहेर पडू नये. वादळ सरल्याचे रेडिओवर ऐकल्यावरही ओल्या छपरावर एकट्याने चढू नये. तुटून पडलेल्या विजेच्या तारेत प्रवाह आहे असेच समजावे.

पत्रा किंवा गंजका खिळा लागला की जखम दिसते लहान, पण असते खोल आणि मातीने भरलेली. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. जखम साबण आणि स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी. चुना, शेण, हळद यांना येथे पूर्ण रजा! (हळद आमटीतच शोभते.) धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, किंवा कधी घेतली ते आठवतच नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वीज नसताना इन्सुलिनची बाटली पिशवीत गुंडाळून, ओल्या फडक्याने वेढलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. जनरेटर मात्र पडवीतही नको. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. विहिरीत पालापाचोळा पडला असेल तर पाणी गाळून, चांगली उकळी फुटल्यावर एक मिनिट तसेच ठेवून मगच प्यावे.