आधी नाव नक्की करा

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नव्यानं रुजू होणारी मुलं-मुली भेटली की हमखास विचारतात, 'मॅडम, या क्षेत्रात नाव कसं करायचं?' मी उलट विचारते, 'तुमचं नाव छापील कागदावर नेमकं कसं येतं?' बहुतेकांना हा प्रश्न किरकोळ वाटतो. मला त्याची किंमत मोजावी लागली आहे, म्हणून लिहिते.

मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठात असताना पहिले शोधनिबंध माहेरच्या आडनावानं छापून आले. लग्नानंतर म्हैसूरला आले आणि आडनाव बदललं. इथे अनेक जण आडनाव लावतच नाहीत. गावाचं आणि वडिलांचं आद्याक्षर आणि स्वतःचं नाव, ही जुनी रीत. मला नोकरी लागली तेव्हा कार्यालयातल्या नोंदीत माझंही नाव आद्याक्षरांत आखडलं आणि पुढचे निबंध त्याच नावानं गेले. माणूस एक, पण संगणकाच्या लेखी आम्ही तिघी. त्यातच गूगल स्कॉलरवर माझ्या खात्यात मधुमेहावरचे लेख येऊन बसले. तीच आद्याक्षरं असलेल्या कुणा डॉक्टरांचे ते होते.

हे सगळं अंगावर आलं पदोन्नतीच्या छाननीत. समितीनं विचारलं, 'जुने निबंध तुमचेच कशावरून?' मग विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र, जुन्या मार्गदर्शकांचं पत्र. एकेक कागद जुळवेपर्यंत फाईल अडून राहिली आणि माझ्यामागून आलेली माणसं पुढे गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लेखकांची नावं अचूक नोंदवणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव सिद्ध करत फिरावं लागणं फार लागतं मनाला.

म्हणून पहिला निबंध पाठवण्याआधी ऑर्किड क्रमांक काढा. २०१२ पासून ही १६ आकडी ओळख संशोधकांना विनामूल्य मिळते. आडनाव बदललं, गाव बदललं, नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो. इन्फ्लिबनेटच्या 'विद्वान' या संशोधकांच्या सूचीत नाव घाला आणि तिथेही तो क्रमांक जोडा. लग्नानंतर कोणतं नाव लावायचं हा तुमचा प्रश्न, पण शोधनिबंधावर एकच नाव, एकाच स्पेलिंगनं ठेवा. मुलींना हे मी जरा आग्रहानं सांगते, कारण या घोळाचा भार बहुधा त्यांच्याच डोक्यावर येतो. संस्थेचं नावही तपासून घ्या. शहर १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे मैसूरु झालं, पण १९१६ साली स्थापन झालेलं विद्यापीठ इंग्रजीत आजही 'युनिव्हर्सिटी ऑफ मैसूर' असंच लिहिलं जातं. कुणी शहराच्या नव्या नावावरून विद्यापीठाचंही बदललं, की तो निबंध संस्थेच्या यादीतून निसटतो.

नाव निसटण्याचं याहून मोठं उदाहरण याच गावातलं आहे. १८९१ साली इथे सरकारी प्राच्य ग्रंथालय सुरू झालं, आजची प्राच्यविद्या संशोधन संस्था. तिथे ग्रंथपाल असलेल्या आर. शामशास्त्रींच्या हाती १९०५ च्या सुमारास ग्रंथ लिपीतली एक ताडपत्रांची पोथी आली. त्यांनी ती ओळखली, लावली आणि १९०९ साली कौटिलीय अर्थशास्त्र छापून जगापुढे ठेवलं. १९१५ साली इंग्रजी अनुवादही आला. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगल्यांनी चिकित्सक आवृत्ती केली, तिच्याही आधी हे म्हैसूरचं काम उभं आहे. ग्रंथपालाचं नाव कशानं होतं, याचा इतका चोख दाखला मला दुसरा ठाऊक नाही. पोथ्या हजारो असतात. आपल्याकडे काय आलं आहे हे ओळखणारा लागतो. पण ती पोथी ग्रंथालयाला ज्यांनी आणून दिली ते 'तंजावर जिल्ह्यातले एक पंडित' एवढेच उरले. हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं.

नाव कामातून होतं, ओळखींचंही तसंच. परिषदेत कार्डं वाटून, फोटो टाकून झालेल्या ओळखी पुढच्या परिषदेपर्यंतही टिकत नाहीत. माझ्या टिकलेल्या ओळखी वाचकांच्या अडचणींतून झाल्या. इतिहासाच्या एका विद्यार्थ्याला मोडी कागद हवे होते, ते आमच्याकडे नव्हते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ते आहेत हे मला ठाऊक होतं, पण तिथे कुणाला आणि कसं विचारायचं हे इथल्याच दुसऱ्या ग्रंथालयातल्या एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं. तेव्हापासून त्या आणि मी एकमेकींच्या वाचकांची कामं करत आलो आहोत. म्हैसुरात तर भारतीय भाषा संस्थान, केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, वाक् व श्रवण संस्था अशा एकाहून एक संस्था जवळ जवळ आहेत. नव्या माणसानं पहिल्या वर्षात प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन यावं, तिथे काय मिळतं ते टिपून आणावं. आणि कन्नड शिकावं. काउंटरवर मोडकंतोडकं कन्नड बोलायला लागले, तेव्हाच मुलं माझ्याशी मोकळेपणानं बोलायला लागली.

एका गोष्टीपासून मात्र चार हात लांब राहा. 'आदर्श ग्रंथपाल' पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, अमुक नोंदणी शुल्क भरा, अशी पत्रं तुम्हाला येतील. शुल्क भरून मिळणारा सन्मान छाननीत उपयोगी पडत नाही आणि जाणत्यांच्या नजरेत उलट वजन कमी करतो. पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचंही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता आपल्यावर आणि आपल्या संस्थेवर आहे. संपादक मंडळातल्या दोघांना पत्र लिहून विचारा, तुम्ही खरोखर या मंडळावर आहात का? खोट्या नियतकालिकांचं पितळ बहुतेकदा इथेच उघडं पडतं.

या आठवड्यात ऑर्किड क्रमांक काढा आणि ईमेलच्या सहीखाली लिहा. पहिला निबंध लिहाल तेव्हा ऋणनिर्देशात 'ग्रंथालयातील कर्मचारी' असं मोघम लिहू नका. ज्या परिचरांनी तुमच्यासाठी जुने खंड धुळीतून शोधून काढले, त्यांची नावं त्यांना विचारून, पूर्ण आणि अचूक छापा.