सुईआधी ओळख

आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी नाशिक जिल्ह्यात झाली. द्राक्षपट्टा, सुरगाण्याचे पाडे, मालेगाव, सगळीकडे फिरले. तिथे जे कळलं ते सांगते.

१. जिल्ह्याच्या सरासरीवर जाऊ नका. दिंडोरी-निफाडची द्राक्षं परदेशात जातात, पैसा येतो. त्याच बागांत फळधारणेसाठीच्या गोडी छाटणीला पेठ-सुरगाण्याची कुटुंबं येतात आणि बांधाला ताडपत्रीखाली राहतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटलेल्या काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हातमोजा फाटला तरी हात थांबत नाही, कारण काम उक्तं घेतलेलं असतं. हे औषध अंगात गेलेलं असताना दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. सोबतचे म्हणतात, जास्त झाली. मजूर दवाखान्यात येत नाही. एक खाडा पडला की मजुरी बुडते आणि तिथे आपलं कोण ऐकणार, हेही त्याच्या मनात असतं.

२. मजुराचं मूल मळ्यात, लसीचं कार्ड गावी पेटीत. डोस चुकतात ते असे. मी आधी विचारायची, "बाई, तुमच्या पाड्याची आशाताई कोण?" नाव निघालं की त्या आशा स्वयंसेविकेला फोन लावायची. पलीकडून ओळखीचा आवाज आला, की आई पदर सावरून बसायची आणि मूल मांडीवर पुढे घ्यायची.

३. २०२२ च्या नोव्हेंबरात मालेगावात गोवर पसरला, तेव्हा लस होती, बर्फाची पेटी होती, दारं मात्र बंद होती. एका यंत्रमाग कामगाराच्या बायकोने मला सुनावलं, "गटार तुंबलं तेव्हा कुणी आलं नाही, सुई घेऊन मात्र लगेच आलात." तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. रिचर्ड विल्किन्सन आणि केट पिकेट यांनी २००९ मध्ये श्रीमंत देशांबद्दल मांडलं, की जिथे विषमता जास्त, तिथे लोकांचा एकमेकांवरचा भरवसा कमी आणि तब्येतीही वाईट. मालेगावच्या गल्लीत मला ते पटलं.

४. भरवसा ओळखीतून येतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं आणि पुढे गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. लोकांनी त्यांचं ऐकलं, कारण त्या गावच्याच होत्या. आपली आशाताई त्याच जातकुळीची. तरी तिला पगार नाही, मोबदला. २०२३ मध्ये त्यासाठीही तिला संपावर जावं लागलं. तिला कायम नोकरी द्या, पेन्शन द्या.