रंगीत पानांचं झाड निवडताना

मोबाइलवर काश्मीरच्या चिनाराचे नाहीतर परदेशातल्या डॉगवुडचे लालभडक फोटो आले, की आमच्या सिरसाळा गावात कुणीतरी विचारतंच, "भाऊ, असं झाड आपल्याकडं मिळंल का?" मिळतं, पण टिकत नाही. लाल पानांचं मेपल म्हणून घेतलेलं रोप माझ्या अंगणात पावसाळाभर तरारलं. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या आणि रोज पाणी घालूनही मे महिन्यात खोड वाळलं.

त्या झाडांना रंग चढतो तो लहान होत जाणाऱ्या दिवसांनी आणि गार रात्रींनी. आपल्याकडे ऑक्टोबरात ऊन तापतं आणि झाडं पावसाच्या ओलीवर हिरवीच राहतात. पानं गळतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर, पाणी वाचवण्यासाठी. त्यामुळे इथला रंग जुन्या पानांत कमी, चैत्रपालवीत जास्त.

तेव्हा निवड अशी करा. गळण्याआधी पान लाल व्हायलाच हवं असेल, तर देशी बदाम लावा. मात्र घरापासून वीसेक फूट लांब. आमच्या दारचा बदाम भिंतीलगत आहे. त्याची रुंद पानं पन्हळ तुंबवतात आणि फळांसाठी वटवाघळं येतात. पालवीचा रंग हवा असेल, तर कोशिंब सर्वांत देखणा: मार्चच्या सुमारास अख्खं झाड लाल होतं. तो सावकाश वाढतो आणि निचऱ्याची जमीन मागतो. मोह आणि कडुनिंबाची पालवीही तांबूस असते. पिंपळाची सुंदर, पण भिंती-विहिरीजवळ तो नको. मुळ्या बांधकाम फोडतात.

आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळं तोडते. म्हणून उन्हाळ्यातच दोन-दोन फुटांचा खड्डा घेऊन तापू द्या, मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा, आणि पहिला दमदार पाऊस झाल्यावर रोप लावा. दिवाळीनंतर आळ्यात उसाचं पाचट पसरा. ओल टिकते आणि भेगाही कमी पडतात.

2016च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. रोप घेताना तो उन्हाळा आठवा आणि रोपवाटिकेत एकच गोष्ट विचारा: या जातीचं मोठं झाड जवळपास कुठं उभं आहे? ते मे महिन्यात जाऊन बघा. दिसलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.