खोकताना लघवी होते? लाजू नका

शीव कोळीवाड्यातला आमचा बायकांचा व्यायामवर्ग दुपारी तीन ते चार भरतो. दुसरी वेळ जमणारच नाही. पहाटे धक्क्यावरून माल आणायचा, सकाळचा बाजार करायचा, घरी येऊन रांधायचे आणि संध्याकाळी पुन्हा पाटीमागे बसायचे, असा यांचा दिवस. मी फिजिओथेरपिस्ट. वर्ग सुरू करायला गेले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "बाई, आमचा जन्म वजनं उचलण्यात गेला. आम्हाला आणखी व्यायाम कशाला?"

प्रश्न रास्त होता. पण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. जड पाटी उचलताना श्वास कोंडला जातो, पोटातला दाब वाढतो आणि तो खाली ओटीपोटाच्या तळावर पडतो. तिथे माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे स्नायू पसरलेले असतात. मूत्राशय आणि गर्भाशय यांना ते तोलून धरतात. बाळंतपणात ते ताणले जातात, पाळी गेल्यावर आणखी सैल पडू शकतात. मग खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवीचे थेंब जातात.

त्याच मावशी तिसऱ्या आठवड्यात बाकीच्या गेल्यावर मागे थांबल्या. बाजाराला जायचे म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नसत. चार वर्षे हे चालले होते. लुगडे ओले होईल, गिऱ्हाइकाला वास येईल, ही धास्ती. आणि ती मासळीबाजारात! मुलीलासुद्धा सांगितले नव्हते. बाजार सोडून घरी बसायचा विचार चालला होता. पाणी तोडल्याने लघवी दाट होते, जळजळ आणि जंतुसंसर्ग वाढू शकतो. मूळ दुखणे मात्र तसेच राहते.

आमच्या वर्गातले बरेचसे प्रकार 'पिलाटेस' पद्धतीचे आहेत. 1883 साली जर्मनीत जन्मलेले जोसेफ पिलाटेस पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या छावणीत अडकले होते. तिथे ते सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घेत. 1926 च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि पद्धतीला नाव मिळाले. आज शहरात ती महागड्या यंत्रांवर शिकवतात. आम्हाला सतरंजी पुरते. लघवीच्या तक्रारीवर मात्र खरा भरवसा अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगल यांनी 1948 साली मांडलेल्या व्यायामाचा. आम्ही दोन्हींची सांगड घातली आहे.

"ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळा" असे मी महिनाभर सांगत होते. कोणी पोट आत घेई, कोणी कुल्ले आवळी, कोणी श्वास रोखून लाल होई. शेवटी एक मासळीवाली वैतागून म्हणाली, "अगं, बटव्याची नाडी ओढतेस ना, तशी खालून ओढ!" आणि सगळ्यांना कळले. सध्या वर्ग तीच आणि तिची जाऊ चालवतात. मी फक्त शनिवारी जाते. (काष्टा नेसणाऱ्या बायकांचे पाय मोकळे हलतात, गाऊनवाल्या अडखळतात, हेही मी तिथेच शिकले.)

कृती अशी: पाठीवर निजा, गुडघे दुमडा. श्वास घ्या. सोडता सोडता, लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखे खालचे स्नायू आत व वर ओढा. पाच अंक मोजा, मोजताना श्वास चालू ठेवा. मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. हे सैल सोडणेही तेवढेच महत्त्वाचे. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाच अंक जमले नाहीत तर दोनपासून सुरुवात करा. लघवी करता करता मध्येच धार रोखून हा सराव करू नये.

जमू लागले की तेच बाजारात वापरायचे. खोकला येतोसे वाटताच आधी नाडी ओढा. पाटी अंगाजवळ घ्या, गुडघ्यांत वाका, नाडी ओढा आणि श्वास सोडत उठा. भरलेली पाटी एकटीने उचलू नका, शेजारणीला हात लावायला सांगा.

गुण यायला साधारण तीन महिने लागतात. दोन आठवड्यांत सोडून देणाऱ्या पुष्कळ. मावशींना चौथ्या महिन्यात फरक पडला. थेंब पूर्ण थांबलेले नाहीत, जोराच्या शिंकेला अजून जातात. पण बाजार सुटला नाही, आणि पाटीशेजारी आता पाण्याची बाटली असते.

लघवीत रक्त, ताप व जळजळ, अंग बाहेर आल्यासारखे वाटणे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आमच्या बायकांना शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ आहे. गरोदर भगिनींनी व नुकत्याच बाळंत झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.