चार चाकांवरची खाट

तुमच्या घरात खाट आहे ना? तिची लांबी किती, हे तुम्ही कधी मोजले आहे का? बहुधा नसेल. खाटेवर पडलो की पाय पुरतात, म्हणून मोजायची वेळच येत नाही. माझ्यावर मात्र ती वेळ आली. तीही खाट मोजायची नव्हे, तर मोटारगाडी मोजायची!

2021 सालची गोष्ट आहे. माझे अब्बा आजारी होते. दर 21 दिवसांनी त्यांना उपचारासाठी मालेगावहून मुंबईला न्यावे लागे. पहाटे रुग्णालयात नंबर लावायचा, म्हणजे आदल्या रात्रीच पोहोचायला हवे. लॉजचे भाडे दर वेळी परवडणारे नव्हते. नातेवाईक होते, पण ते दोन खोल्यांत आठ माणसे राहणारे. त्यांना दर तीन आठवड्यांनी त्रास देणे अब्बांना आवडत नसे. आमच्याकडे एक जुनी वॅगनआर गाडी होती. "आपण गाडीतच झोपू," असे अब्बाच म्हणाले.

पहिल्या खेपेला आम्ही तसेच केले. अब्बा पुढच्या सीटवर पाठ मागे करून पडले, मी चालकाच्या सीटवर. जुलै महिना होता. बाहेर पाऊस आणि आत डास. काच उघडली तर पाणी येई, बंद केली तर जीव गुदमरे. शेवटी मी गाडी चालू केली, एसी लावला आणि काचा बंद करून आम्ही झोपलो. गाडी एका भिंतीला अगदी खेटून उभी होती.

रात्री केव्हातरी काचेवर ठकठक झाली. वाहनतळाचा रखवालदार काठीने काच वाजवत होता. "मास्तर, इंजिन बंद करा आधी! काचा खाली घ्या!" तो ओरडला. मी चिडलो होतो. पण उठताना माझे डोके जड झाले होते. अब्बांचेही डोके दुखत होते. ते त्या हवेमुळे की जागरणामुळे, हे मला सांगता येणार नाही. सकाळी अब्बांचे पाय मात्र घोट्यापाशी सुजले होते. चप्पल पायात जाईना.

रखवालदाराचे म्हणणे किती खरे होते, ते मी तुम्हांला आधी सांगतो. इंजिनात पेट्रोल जळते, तेव्हा कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गाडी चालत असताना तो मागे सुटून जातो. पण गाडी उभी असेल, जवळ भिंत असेल, वारा पडलेला असेल किंवा धूर सोडणाऱ्या नळीला भोक असेल, तर तो हळूहळू आत येऊ शकतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्त वाहते, पण त्यातून प्राणवायू पोहोचत नाही. झोपलेल्या माणसाला हे कळतही नाही. तुमचे वडील, काका किंवा भाऊ वाहन चालवत असतील, तर हा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवा. हवे तर उर्दूत सांगा. या एका बाबतीत भाषेचे गुण मी कापणार नाही.

घरी आल्यावर मी सगळी हकीकत मामूंना सांगितली. मामू सुतार आहेत. त्यांनी ऐकून घेतले आणि कानामागची पेन्सिल काढली. "बेटा, आधी तुझ्या अब्बांना माप. गाडी नंतर मापू," ते म्हणाले.

मराठीत एक म्हण आहे : अंथरूण पाहून पाय पसरावेत. उर्दूत आपण म्हणतो, 'चादर देखकर पाँव फैलाओ'. तीच ही म्हण. मामूंनी ती उलटी केली. त्यांनी आधी पाय पाहिले, मग अंथरूण. अब्बांची उंची निघाली 165 सेंटीमीटर. झोपताना पायांचे पंजे थोडे सैल सुटतात आणि उशीलाही जागा लागते. म्हणून मामूंनी कागदावर 172 लिहिले.

मग गाडीची पाळी. मागच्या सीटची पाठ पुढे पाडली, डावीकडचे पुढचे सीट जितके पुढे जाईल तितके सरकवले आणि टेप लावला. डिकीच्या दारापासून त्या सीटच्या पाठीपर्यंत 155 सेंटीमीटर भरले. म्हणजे 17 सेंटीमीटर कमी. वीतभरच! पण वीतभर कमी पडले की माणसाला रात्रभर गुडघे मुडपून झोपावे लागते.

मला वाटले, आपण गणिताचा उपयोग करू. आयताचा कर्ण बाजूंपेक्षा मोठा असतो. लांबी 155, रुंदी 95, म्हणजे कर्ण जवळजवळ 182. मी मोठ्या ऐटीत हे सांगितले. मामू हसले. "मास्तर, तुमचा कर्ण ही रेघ आहे. माणसाला खांदे असतात." त्यांनी खडूने आयत काढला आणि मला त्यात तिरपे झोपायला लावले. एक खांदा रेषेच्या बाहेर! मी गणित शिकवत नाही, हे त्या दिवशी बरेच वाटले.

उपाय मामूंनीच शोधला. पुढच्या सीटवरची डोके टेकायची उशी उपसून काढली आणि सीटची पाठ मागे न पाडता पुढे झुकवली. लगेच 18 सेंटीमीटर मिळाले. एकूण 173. मामूंनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला.

"मग सीट काढूनच टाकू या की! ऐसपैस जागा होईल," माझा धाकटा भाऊ म्हणाला. हे मात्र करता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकात गाडीची जी माहिती लिहिलेली आहे, तिच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही. पाच माणसांची गाडी म्हणून नोंद असेल, तर आसने उपटून तिची खोली करायची नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली या कलमाचा असाच अर्थ सांगितला. आमचे एवढेच ठरले, की गाडीला एकही भोक पाडायचे नाही, एकही खिळा मारायचा नाही. रात्री खाट अंथरायची आणि सकाळी गाशा गुंडाळायचा. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड. मुक्काम हलला की तो गुंडाळत, त्यावरून हा वाक्प्रचार आला. आमच्या गाडीला तो अगदी शोभला.

आता खाट कशी केली ते पाहा. मामूंनी 12 मिलिमीटर जाडीचे प्लायवूड आणले. 8 फूट बाय 4 फुटांची अख्खी फळी वीस-पंचवीस किलोंची असते. आम्हांला तिचा साधारण तिसरा हिस्साच लागला. 60 सेंटीमीटर रुंदीचे दोन तुकडे कापले आणि बिजागऱ्यांनी जोडले, म्हणजे पुस्तकासारखे मिटता येतील. पाडलेल्या सीटची पाठ सपाट नसते, थोडी चढती असते आणि डिकीचा तळ तिच्याहून बराच खाली असतो. म्हणून मागच्या तुकड्याखाली एक उघडी पेटी ठेवली. पेटीत कपडे, औषधे आणि रुग्णालयाची फाईल. पुढच्या तुकड्याखाली, जिथे एरवी मागे बसणारा पाय ठेवतो तिथे पोकळी राहते. तिथे दोन घडीचे पाय लावले. फळीच्या सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासून गोल केल्या. अंधारात हात तिथेच जातो, असे मामू म्हणाले.

गादीबद्दल दोघांत वाद झाला. मला फोमची हवी होती, कारण ती हलकी. अब्बांना फोमवर पाठ तापल्यासारखी वाटे. शेवटी पिंजाऱ्याकडून दोन इंचांची पातळ कापसाची गादी भरून घेतली. वजन वाढले, पण अब्बांना झोप लागली. तेव्हा वाद संपला.

डोके कोणत्या बाजूला करायचे, हा प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. डिकीकडे छत उतरते आणि तिथे उघडता येणारी खिडकीही नाही. मागच्या दाराची खिडकी मात्र गादीच्या पुढच्या टोकाशी येते. म्हणून डोके पुढे आणि पाय डिकीकडे. त्यामुळे तोंडाशी हवा आणि हाताशी दार, दोन्ही मिळाले. गाडीही अशी उभी करायची, की तिचे तोंड किंचित चढाकडे असेल. नाहीतर सगळे रक्त डोक्यात उतरल्यासारखे वाटते.

हाताशी दार आले, तरी ते आतून उघडले पाहिजे ना! मागच्या दारांच्या कडेला लहान मुलांसाठी एक खटका असतो. तो लावलेला असला तर दार आतून उघडत नाही. आमच्या घरात लहान मुले आहेत, म्हणून तो कायम लावलेलाच असे. अब्बांना आत झोपवून बघताना हे लक्षात आले. तेव्हापासून खाट अंथरण्याआधी हा खटका काढायचा, हे माझे काम झाले.

डासांसाठी अम्मीने मच्छरदाणीच्या कापडाच्या दोन लांबट पिशव्या शिवल्या. उशीला जसा अभ्रा चढवतो, तशी ती पिशवी दाराच्या वरच्या चौकटीवर चढवायची आणि मग काच चार बोटे खाली करायची. हवा येते, डास येत नाही. समोरासमोरच्या दोन्ही काचा खाली हव्यात, तरच हवा खेळते. पावसातही आम्ही त्या दोन-दोन बोटे तरी उघड्या ठेवत असू. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात जवळजवळ पेलाभर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. काचा पूर्ण बंद असल्या, तर सकाळी तेच पाणी काचांवरून ओघळते.

एक दोष मात्र राहिला. फळीवर गादी घातल्यावर वर छत इतके जवळ येई, की अब्बांना पाणी पिताना मान वाकवून बसावे लागे. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या खेपेला अब्बा त्या खाटेवर झोपले. मी आपला चालकाच्या सीटवरच. सकाळी मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिले. घोटे दिसत होते. चप्पल सहज गेली. माझा जीव भांड्यात पडला.

पाय लांब करून झोपण्याला मी एवढे महत्त्व का देतो, असे तुम्ही विचाराल. वॅगनआर ही गाडी 1993 साली प्रथम जपानमध्ये आली आणि 1999 साली भारतात. जपानमध्ये ती याहूनही लहान असते, कारण तिथल्या सर्वांत लहान वर्गातील गाडीची लांबी कायद्याने 3.40 मीटरपेक्षा आणि रुंदी 1.48 मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. तरीही अशा गाड्यांत खाट करून मुक्काम करणारे तिथे पुष्कळ आहेत. त्या मुक्कामाला 'शाचूहाकू' असा शब्दच आहे. पण एप्रिल 2016 मध्ये कुमामोतो येथे मोठे भूकंप झाले, तेव्हा हजारो लोक हौसेने नव्हे, तर घर कोसळेल या भीतीने गाड्यांत झोपले. रात्रीमागून रात्र बसूनच काढल्यामुळे काहींच्या पायांतील रक्तात गुठळ्या झाल्या. अशी गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली की माणूस दगावू शकतो. तिथे असा मृत्यू झालाही. हे मी नंतर वाचले आणि अब्बांचे सुजलेले घोटे आठवले.

आमच्या मुंबईच्या खेपा वर्षभर चालल्या. वाटेत फळ्या पट्ट्याने घट्ट बांधून ठेवत असू, कारण जोराचा ब्रेक लागला तर मोकळी फळी मागून डोक्यात येईल. गाडीत स्टोव्ह कधीच पेटवला नाही. चहा बाहेरच घेतला. आणि मुक्कामी पोहोचल्यावर दर वेळी रखवालदाराला आधी विचारले, मगच गाडी लावली. ज्याने काच वाजवली होती, तो पुढे अब्बांची तब्येत विचारू लागला.

2022 साली अब्बांचे उपचार संपले. ते आता बरे आहेत. फळ्या जिन्याखाली उभ्या आहेत. गेल्या हिवाळ्यात शेजारचे एक गृहस्थ त्या मागायला आले. त्यांच्या भावाला मुंबईला न्यायचे होते. मामूंनी विचारले, "भावाची उंची किती?" ते म्हणाले, "5 फूट 10 इंच असेल." "आणि गाडी?" "सीएनजीची. डिकीत टाकी आहे." मामूंनी फळ्या काही दिल्या नाहीत. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि टेप घेऊन ते शेजाऱ्यांच्या गाडीकडे निघाले.

स्वाध्याय

1. रखवालदाराने काच का वाजवली?
2. लेखकाने सांगितलेला कर्णाचा उपाय का चालला नाही?
3. 'गाशा गुंडाळणे' आणि 'जीव भांड्यात पडणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
4. शेजाऱ्यांना त्याच फळ्या का चालल्या नसत्या, ते चार-पाच ओळींत लिहा.
5. घरातील एका माणसाची उंची आणि त्याच्या खाटेची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा व वर्गात मराठीत सांगा.